कर्करोगाच्या मुळाशी जाणारे डॉ. खानोलकर

मालवणहून मुंबईला जाणारी बोट हा एके काळी दक्षिण कोकणाचा हमरस्ता होता. किनारा खडकाळ असल्याने बोट दूर पाण्यात थांबत असे आणि उतारू होडीतून तिच्यापर्यंत जात. पावसाळा सुरू झाला की समुद्र बंद होई आणि घाट चढून जाण्यावाचून गत्यंतर राहत नसे. या बोटीने गिरणीत कामाला जाणारे चाकरमानी जात, गणपतीला परत येत आणि अधूनमधून असे रुग्णही जात, ज्यांना गावच्या वैद्याने व डॉक्टरने मुंबई गाठायला सांगितलेले असे. त्यांतल्या काहींची तक्रार एकाच प्रकारची असे. आधी भाकरीचा घास छातीत अडकू लागला. मग भात पाण्याबरोबर उतरवावा लागला. पुढे नुसती पेज तेवढी जाऊ लागली. पेजही परत येऊ लागली तेव्हा घरच्यांनी हाय खाल्ली आणि बोटीची तिकिटे काढली.

अन्ननलिकेचा कर्करोग असा दबक्या पावलांनी येतो. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, ताणली जाणारी स्नायूंची नळी असते. तिची पोकळी निम्म्याहून अधिक आक्रसेपर्यंत माणसाला फारसे काही जाणवत नाही, आणि जाणवू लागते तेव्हा गाठ बहुधा भिंतीच्या आरपार गेलेली असते. त्यामुळे या आजाराचे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेने बरे होण्याची वेळ उलटून गेल्यावरच रुग्णालयाची पायरी चढतात. ही अवस्था आजही मोठ्या प्रमाणात कायम आहे. मग प्रश्न उरतो तो असा, की हा रोग मुळात या माणसांना होतो कशामुळे? परळच्या एका प्रयोगशाळेत बसून या प्रश्नाच्या मागे लागलेले गृहस्थ म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकर हे आडनाव सिंधुदुर्गाला नवे नाही. मालवणच्या दक्षिणेस, वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोली गावाशी ते नाते सांगते. हा सारा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे; सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. वसंत रामजींचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. त्यांनी वैद्यकाचे शिक्षण लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळवली. विलायतेहून परतलेल्या डॉक्टरासमोर त्या काळी दवाखाना थाटून नाव व पैसा कमावण्याचा राजमार्ग खुला असे. खानोलकरांनी निवडले ते विकृतिशास्त्र. या शास्त्रातला डॉक्टर रुग्णाला क्वचितच भेटतो. त्याच्यासमोर येते ती काचपट्टीवर ठेवलेली, रंगवलेली मांसाची पातळ चकती. रुग्ण त्याला ओळखत नाही, त्याचे आभार मानत नाही आणि त्याच्या दारात रांगही लावत नाही.

मुंबईत त्यांनी प्रथम ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. जी. एस. मेडिकल कॉलेज व त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले, तेच मुळी एका अटीवर. तिथले अध्यापक भारतीय असावेत, अशी ती अट होती. वैद्यकीय नोकरीत वरच्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांसाठी राखीव असण्याचा तो काळ. डॉ. जीवराज मेहतांसारखा अधिष्ठाता लाभलेल्या या महाविद्यालयात भारतीय डॉक्टर संशोधन करू शकतात की नाही, याचाच एका परीने कस लागत होता. खानोलकरांच्या विभागाने त्याचे उत्तर दिले. पुढे त्यांना भारतीय विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हटले जाऊ लागले, त्याचा पाया इथे घातला गेला.

परळ हे ठिकाणही महत्त्वाचे होते. लालबाग, परळ, शिवडी हा सारा गिरणगाव. कापड गिरण्यांतल्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा भरणा मोठा. मालवण, देवगड, कुडाळ, वेंगुर्ल्याची माणसे इथल्या चाळींतल्या गाळ्यांत दाटीवाटीने राहत आणि खानावळीत जेवत. गिरणीत आगीच्या भयाने विडी पेटवायला मनाई, म्हणून तळहातावर चुन्यात मळलेली तंबाखूची चिमूट गालात धरली जाई. पाळी सुटल्यावर विडी असेच. बायकांमध्ये भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय होती. देशाच्या एका मोठ्या श्रमिक वर्गाच्या सवयी रुग्णालयाच्या दारातच नांदत होत्या. त्यांकडे शास्त्राच्या नजरेने पाहणारा माणूस तेवढा हवा होता.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून या रुग्णालयाची कल्पना आकाराला आली आणि दोराबजींच्या पश्चात त्यांच्या विश्वस्त निधीने ती पूर्ण केली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. त्या वेळी भारतात कर्करोग फारसा होत नाही, तो पाश्चात्त्यांचा रोग आहे, असा समज डॉक्टरांतही पसरलेला होता. १९३० च्या दशकात नाथ व ग्रेवाल यांनी देशभरच्या रुग्णालयांतील नोंदी तपासून हा समज खोटा असल्याचे दाखवून दिले होते. समज मात्र सहजासहजी मरत नाहीत. टाटा रुग्णालयाची दारे उघडली तशी तिथे लागलेली रांग हेच त्याचे पुरेसे उत्तर होते.

नव्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळा प्रमुखाचे काम निदानापुरते असते. तुकडा आला, पाहिला, कर्करोग आहे की नाही ते लिहिले, संपले. खानोलकरांनी त्याच तुकड्यांना दुसरा प्रश्न विचारायला सुरुवात केली. हा रुग्ण कुठला, काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, काय नेसतो? आज हे प्रश्न साधे वाटतात. त्या काळी विकृतिशास्त्रज्ञाने हे विचारायचे असतात, हेच अनेकांना ठाऊक नव्हते. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत जो कर्करोग तुलनेने विरळा होता, तो मुंबईत एवढ्या संख्येने का आढळतो, याचा शोध घेताना त्यांचे बोट तंबाखूकडे वळले. विडा खाण्याच्या चालीत धोका कुठे आहे, पानात की चुन्यात की तंबाखूत, हा घोळ तोवर चालूच होता.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी आपल्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांच्यासमवेत कर्करोग आणि चालीरीती यांवरचा प्रबंध लिहिला. कर्करोगाच्या जगभरच्या इतिहासात धोतराने स्थान मिळवले ते या प्रबंधामुळे. कमरेला घट्ट आवळून नेसलेल्या धोतराची काठ वर्षानुवर्षे एकाच जागी घासत राहते. कातडी आधी काळवंडते, मग रंगहीन होते आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. काश्मीरमध्ये फिरनच्या आत शेगडी, म्हणजे कांगडी, धरल्याने पोटाच्या कातडीला होणारा कर्करोग वैद्यकाला आधीच ठाऊक होता. ओठामागे तंबाखू-चुन्याची गोळी धरणाऱ्यांना नेमका त्याच जागी होणारा खैनीचा कर्करोगही खानोलकरांनी नोंदवला. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्या बायकांच्या टाळूला होणारा कर्करोग हेही याच माळेतले उदाहरण. या साऱ्यांतून एक गोष्ट ठळक होत होती. शरीराच्या ज्या जागेला सवय पुनःपुन्हा स्पर्श करते, तिथेच रोग उगवतो.

हाच धागा पकडून खानोलकर तोंडातून खाली, घशात आणि अन्ननलिकेत उतरले. डॉ. एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह त्यांनी केलेला अभ्यास १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. टाटा रुग्णालयात आलेल्या, तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या मार्गात कर्करोग झालेल्या रुग्णांच्या सवयी टिपायच्या आणि कर्करोग नसलेल्या माणसांच्या सवयींशी त्यांची तुलना करायची, अशी त्याची मांडणी होती. तंबाखू चघळणाऱ्यांत रोगाचा कल तोंडाच्या पुढच्या भागाकडे दिसला. विडी ओढणाऱ्यांत तो जिभेच्या मुळाकडे आणि त्याही पलीकडे, घशाकडे सरकला. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये मांडला होता आणि त्यावर मोठे रण माजले होते. मुंबईतल्या या अभ्यासाला तेवढे रण लाभले नाही. विडी हा गरिबाचा शौक, तेंदूच्या पानात गुंडाळलेला. तिच्यामागे ना बडी कंपनी होती, ना वृत्तपत्रांतला वाद. कदाचित म्हणूनच या कामाचे मोल इथल्या समाजाला उशिरा कळले.

या अभ्यासाचे महत्त्व कळण्यासाठी अन्ननलिकेच्या रुग्णापुढे तेव्हा काय वाढून ठेवलेले असे, हे पाहावे लागते. छाती उघडून अन्ननलिका काढणे ही त्या काळी फार जोखमीची शस्त्रक्रिया होती. ती झेपण्याजोगे रुग्ण थोडेच. उरलेल्यांसाठी क्ष-किरणांचा व रेडियमचा उपचार, अरुंद झालेल्या जागेतून ढकलून बसवलेली कडक नळी, किंवा पोटाला छिद्र पाडून तिथून थेट जठरात अन्न घालणे, एवढेच मार्ग. शेवटच्या उपायाने माणूस जगत असे, परंतु त्याच्या जिभेला अन्नाची चव लागत नसे. चार माणसांत ताटावर बसणे संपले. कोकणातल्या घरात, जिथे पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, तिथे हे दुःख रोगाइतकेच मोठे.

अशा रुग्णांसाठी पुढे बरेच काही झाले. बरे करता येत नसेल तर निदान घास उतरावा, या हेतूने होणाऱ्या उपचारांना उपशामक उपचार म्हणतात. दुर्बिणीतून आत सरकवून उघडणारा धातूच्या जाळीचा स्टेंट १९९० च्या दशकात रूढ झाला आणि आजही तोच सर्वांत प्रचलित उपाय आहे. त्याला अलीकडे जोड मिळाली आहे ती गोठवण्याच्या उपचाराची, म्हणजे क्रायोथेरपीची. तिची कल्पना मात्र जुनीच. जेम्स आर्नॉट या इंग्रज डॉक्टराने १८५० च्या सुमारास बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणाने स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या गाठी गोठवून वेदना आणि रक्तस्राव कमी केला होता. कुल्फी गोठवणाऱ्याला जे ठाऊक असते, तेच हे तत्त्व. शरीराच्या आत, अन्ननलिकेत, एवढी थंडी नेणे शक्य झाले ते लवचीक दुर्बीण आल्यावर. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अन्ननलिकेच्या कर्करोगपूर्व अवस्थेवर हा उपचार आजमावला गेला आणि नंतर शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या गाठींवरही.

त्याची रीत अशी. रुग्णाला गुंगी देऊन दुर्बीण गाठीपर्यंत नेतात. तिच्यातून सरकवलेल्या बारीक नळीने उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनचा फवारा गाठीवर काही सेकंद मारतात. पृष्ठभाग पांढराशुभ्र होतो. मग तो आपोआप वितळू देतात आणि पुन्हा गोठवतात. पेशींच्या आत-बाहेर बर्फाचे कण होऊन त्यांची आवरणे फाटतात. नंतर गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडून उरलेला भाग मरतो आणि काही दिवसांत झडतो. द्रव नायट्रोजनचा वायू होताना तो शेकडो पटींनी फुगतो, म्हणून पोटात दुसरी नळी ठेवून तो सतत बाहेर काढावा लागतो. तसे न केल्यास जठर किंवा आतडे फाटण्याचा धोका असतो. स्टेंटने छातीत होणारी बोचणी किंवा तो जागचा सरकणे, असे त्रास यात नाहीत, कारण आत काहीच मागे राहत नाही. काही आठवड्यांनी उपचार पुन्हा करता येतो. गिळणे सुधारते, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. आयुष्य मात्र याने फारसे वाढत नाही, आणि हा उपचार मोजक्या केंद्रांपुरता आहे. एवढ्या तंत्रानंतर रुग्णाच्या पदरात पडते ते काही महिने पेज, भात आणि नशिबाने मऊ माशाचा घास. ते थोडे नव्हे. तथापि रोग होऊच नये, यासाठी ज्यांनी विडी-तंबाखूच्या नोंदी केल्या, त्यांचे काम किती दूरचे होते, तेही यावरून समजते.

खानोलकरांच्या कामाचा पसारा कर्करोगापुरता नव्हता. मुंबईतल्या एकमेकांत विवाह करणाऱ्या निरनिराळ्या समाजांतील रक्तगट व अन्य आनुवंशिक लक्षणे यांवर त्यांनी संघवींसह १९४९ च्या सुमारास केलेला अभ्यास हा भारतातल्या मानवी आनुवंशिकीच्या आरंभीच्या कामांपैकी एक. एकाच शहरात राहूनही एका समाजात एक कर्करोग अधिक आणि दुसऱ्या समाजात दुसरा अधिक का, या कोड्याशी तो निगडित होता. कुष्ठरोगावरचे त्यांचे काम तर स्वतंत्र लेखाचा विषय ठरावे. कातडीवरचे चट्टे सगळे पाहतात. खानोलकरांनी सुरुवातीच्या चट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली घालून रोगजंतू मज्जातंतूंत किती लवकर शिरतात, ते दाखवले. त्यांचा याविषयीचा अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि त्याचे संचालकपद खानोलकरांकडे आले. देश नुकताच स्वतंत्र झालेला, परकीय चलनाची चणचण, उपकरणे मागवायची तर महिनोन्महिने कागद फिरवायचे. अशा दिवसांत पेशी बाटलीत वाढवण्याची प्रयोगशाळा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, जीवरसायन व आनुवंशिकी असे विभाग एका छपराखाली आणणे हे धाडसच. त्याहून मोठे धाडस माणसांच्या निवडीत होते. पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. केली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकून घेतले आणि परत येऊन परळला ते रुजवले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. डॉ. सत्यवती शिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर हुकमत मिळवली ती याच संस्थेत. स्त्रियांनी प्रयोगशाळेत करिअर करणे ही नवलाई असताना खानोलकरांच्या विभागात ती नित्याची बाब होती. सूर्याबाईंचे नाव १९४५ च्या प्रबंधावर आहेच.

पद आणि मानमरातब यथावकाश आले. संयुक्त राष्ट्रांनी अणुकिरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी १९५५ मध्ये शास्त्रीय समिती नेमली, तीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. अणुबॉम्बच्या चाचण्यांची धूळ जगभर पसरत असताना किरणोत्साराने कर्करोग किती होईल, हा प्रश्न तेव्हा राजकारणाच्या केंद्रस्थानी होता. विकृतिशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी करण्यात ते अग्रभागी होते. पद्मभूषण मिळाले. १९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले आणि त्यानंतर वैद्यकशास्त्रातले राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संस्थेची वाटचाल पुढेही चालू राहिली. टाटा मेमोरियल रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. संशोधनाचा मोठा भाग २००२ मध्ये खारघरला गेला. लोकसंख्येवर आधारित देशातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने, सुरू झाली. ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. रुग्णालयात आलेल्यांची मोजदाद खानोलकरांनी केली होती. आता गावातल्या प्रत्येक कर्करोगाची मोजदाद होऊ लागली. तंबाखूसह विडा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८५ मध्ये जाहीर केले आणि नुसती सुपारीही तशीच, हे २००४ मध्ये. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. परळच्या पहिल्या १,००० रुग्णांच्या आढाव्यापासून इथवर यायला जवळजवळ सात दशके लागली.

मालवणची बोट केव्हाच बंद झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून घास न उतरणारा रुग्ण कुडाळला किंवा कणकवलीला गाडीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी परळला पोहोचतो. तिथे त्याच्या घशातून दुर्बीण जाते आणि गाठीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला जातो. स्टेंट बसवायचा, किरण द्यायचे की गाठ गोठवायची, याचा निर्णय नंतरचा. आधी तो तुकडा काचपट्टीवर चढतो, रंगवला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जातो. आणि रुग्णाच्या कागदावर, वय व गावाच्या खाली, तंबाखू किती वर्षे आणि विड्या दिवसाला किती, हे दोन रकाने भरून घेतले जातात.